कारभारी गेल्यानंतर

लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभू येशूने एका कारभाऱ्याचा दाखला सांगितला आहे. त्याने मालमत्तेची उधळपट्टी केल्याची तक्रार धन्याच्या कानी जाते, हिशेब मागितला जातो आणि कारभार काढून घेतला जातो. त्या कारभाऱ्याच्या चातुर्यावर आजवर असंख्य प्रवचने झाली आहेत. पण त्याच वाड्यावर, त्याच्याच हाताखाली राबलेली आणखीही माणसे असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली असतील तेव्हा त्यांच्या मनात काय चालले असेल? त्यांच्याविषयी दाखला मौन पाळतो. आज त्यांच्याविषयीच लिहावेसे वाटते. कारण अशी माणसे आता आपल्या धर्मग्रामात घरोघरी आहेत.

नोकरी जाण्याचे दुःख आपल्या वडीलधाऱ्यांना अपरिचित नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. परंतु ते दुःख सामुदायिक होते. त्याला झेंडा होता, घोषणा होती, गेटसभा होती. कार्यालयातील व्यवस्थापकाला नारळ दिला जातो तेव्हा यांपैकी काहीच नसते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतून वगळले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तीच रेषा कायम ठेवली. हाताखालच्या कारकुनावर कायद्याची थोडीफार छत्री असते, साहेबांवर ती नसते. सकाळी बोलावणे येते, तासाभरात संगणक बंद होतो आणि दुपारी डबे उघडेपर्यंत त्यांचे नाव दबक्या आवाजात घेतले जाऊ लागते.

मागे राहिलेल्यांच्या मनात त्या दिवशी तीन भावना एकमेकींत गुंतलेल्या असतात. 'उद्या माझी पाळी' ही भीती, 'ते गेले, मी कसा राहिलो?' ही टोचणी, आणि साहेब कडक असतील तर, कबूल करायला लाज वाटावी असा, सुटकेचा निःश्वास. या भावना म्हणजे पाप नव्हे. जोएल ब्रॉकनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून कपातीनंतर मागे राहिलेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मननीय आहे: जाणाऱ्यांना कसे वागवले गेले, यावरून राहिलेले लोक आपल्या संस्थेची पारख करतात. याचा अर्थ असा की राहिलेल्या माणसाच्या मनात न्यायाचा प्रश्न आपोआप जागा होतो. त्या प्रश्नाचे तो पुढे काय करतो, इथे नीतीचा प्रांत सुरू होतो.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करतात. त्यांच्या साहेबांना काढून टाकल्यावर तीन आठवड्यांनी नव्या साहेबांनी त्यांना मागील वर्षाच्या मालसाठ्यातील तफावतीविषयी टिपण लिहायला सांगितले आणि सहज सुचवले, "ते सगळे जुन्या साहेबांच्या काळातले आहे असे लिहून टाका, विषय मिटेल." वास्तविक त्या तफावतीत साहेबांचा वाटा होता, गोदामाचा होता आणि थोडासा या गृहस्थांचाही होता. संध्याकाळच्या मिस्सानंतर ते मला भेटले. त्यांनी विचारले, "फादर, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? इथे मात्र चौघांच्या नोकऱ्या वाचतील."

हा प्रश्न वरवर वाटतो तितका हलका नाही. चार कुटुंबांची चूल एका बाजूला आणि अनुपस्थित माणसाचे नाव दुसऱ्या बाजूला, असा तो तराजू आहे.

लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी वर्णिलेला आहे. दोन बकऱ्यांपैकी एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या मस्तकावर याजक दोन्ही हात ठेवून लोकांच्या सर्व अपराधांचा उच्चार करी आणि तो बकरा जिवंतच रानात सोडला जाई. त्या विधीत निदान एक प्रामाणिकपणा होता: अपराध आपले आहेत, हे लोक मोठ्याने कबूल करीत. आपल्या कार्यालयांत ओझे लादले जाते, पण कबुली वगळली जाते. बाहेर घालवलेला माणूस परत येऊन उत्तर देऊ शकत नाही, म्हणूनच त्याची पाठ सर्वांना सोयीची वाटते.

गेलेल्या माणसाला फरक पडत नाही, हे म्हणणेही खरे नाही. पन्नाशीच्या आसपास नोकरी गमावलेल्या माणसाजवळ पुन्हा उभे राहण्यासाठी भांडवल कोणते असते? त्याचे नाव. नवी कंपनी त्याला घेण्यापूर्वी जुन्या ठिकाणी दूरध्वनी करून चौकशी करते, आणि कपाटातील एखादे टिपण त्या वेळी बोलते. माणसाच्या बाह्य संपत्तीत सुकीर्तीचे स्थान धनापेक्षा वरचे आहे, म्हणून तिची हानी करणे हे चोरीहून गंभीर पाप ठरते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये प्रतिपादले आहे. चोरलेला पैसा परत करता येतो. पसरलेला अपवाद गोळा कसा करायचा?

त्या गृहस्थांनी अखेर टिपण लिहिले ते महिनावार. कोणत्या महिन्यात कोणाकडून काय राहून गेले ते त्यात आले. साहेबांची चूक लपवली नाही, स्वतःची गाळली नाही. नव्या साहेबांनी ते वाचून काही न बोलता फाइलीत ठेवले. पुढे काय होईल याची हमी त्यांना कोणी दिली नव्हती, आणि मीही दिली नव्हती. सत्याची किंमत कधीकधी पगारातून कापली जाते, हे आपण आपल्या माणसांपासून लपवू नये.

मात्र निष्ठेच्या नावाखाली दुसरे टोक गाठण्याचाही मोह असतो. गेलेल्या साहेबांना हुतात्मा करायचे, नव्या माणसाच्या प्रत्येक सूचनेवर 'पूर्वी असे नव्हते' म्हणायचे, मुद्दाम हात आखडता घ्यायचा. काही जण कंपनीची कागदपत्रेही जुन्या साहेबांना गुपचूप पोहोचवतात. ही निष्ठा नव्हे, हा सूड आहे. आणि तो ज्याच्यासाठी घेतला जातो त्याचेच नाव त्यात खराब होते.

शौल राजाने दावीदाचा किती छळ केला होता! तरीही शौलाचा मुकुट घेऊन कोणी बक्षिसाच्या आशेने धावत आला तेव्हा दावीदाने वस्त्रे फाडून शोक केला. पुढे सत्ता हाती आल्यावर त्याने शौलाच्या घराण्यात कोणी उरले आहे काय याची चौकशी केली आणि दोन्ही पायांनी अधू असलेल्या त्याच्या नातवाला आपल्या पंक्तीला बसवले. ज्याने आपल्याला त्रास दिला त्याच्याही पडण्यात आनंद मानू नये, हे दावीदाने आचरून दाखवले. कडक साहेबाच्या जाण्याने ज्यांना हायसे वाटले, त्यांनी हा प्रसंग शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात अवश्य वाचावा.

नव्या साहेबांविषयीही न्यायबुद्धी हवी. निर्गम ग्रंथाच्या आरंभी योसेफाची ओळख नसलेला एक राजा मिसरात गादीवर येतो. नव्या अधिकाऱ्याला आपली वीस वर्षांची सेवा ठाऊक नसते. बहुधा तो त्याचा दुष्टावा नसतो, केवळ अज्ञान असते. आपल्या कामाची नोंद शांतपणे त्याच्यासमोर ठेवावी, जमेल तिथे मदत करावी. ती खुर्ची किती सहज रिकामी होते हे त्यानेही पाहिलेले असते. आणि रागाच्या भरात राजीनामा खरडू नये. मन विषण्ण असताना आधी शांतपणे घेतलेले निर्णय बदलू नयेत, असा नियम संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधनां'मध्ये घालून दिला आहे. मन स्थिर झाल्यावरही नोकरी सोडावीशी वाटली तर खुशाल सोडावी.

एक साधे कर्तव्य उरते. ज्यांच्या घरी आपण नाताळचा फराळ घेऊन जात होतो, त्यांच्याकडे नोकरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात जावे. कार्यालयातल्या बातम्या नेऊ नयेत, आतल्या गोष्टी विचारू नयेत. त्यांच्या पत्नीची, मुलांच्या शिक्षणाची विचारपूस करावी, चहा घ्यावा आणि निघताना पुन्हा येण्याचा दिवस सांगून यावे. हुद्दा गेल्यावर दारावरची घंटा वाजेनाशी होते. ती वाजवणे मागे राहिलेल्यांच्या हाती आहे.