नोकरी गेली तरी राहता येईल, अशा गावी

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. बाळ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा गल्लीत मांडवाचे वासे उतरवत होते. त्या दणक्यात निम्मं ऐकू आलं, निम्मं नाही. एवढं कळलं की शारजा सोडायचं नक्की झालंय आणि जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांत मन अडकलंय. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो. इकडे सगळं ठीक. राधानगरीचे दरवाजे उघडलेत, पंचगंगा पात्राबाहेर आहे, पण पेठेत काळजीचं कारण नाही. दादा तुला काही बोलत नाहीत. मला मात्र रोज विचारतात, "पोराचं काय ठरलं?"

लेका, तू तिन्ही देशांचे पगार मांडून दाखवलेस. चांगलं केलंस. पण मी एकच विचारतो. उद्या कंपनीनं नारळ दिला, तर त्या गावात तुला किती दिवस राहता येईल? याचं उत्तर जिथं सगळ्यांत चांगलं, तिथं बिऱ्हाड कर. पगार त्यानंतर बघ. आखातात तू एवढी वर्षं काढलीस, पण तुझं तिथलं राहणं कंपनीच्या कागदावर. पोरगी तिथंच शाळेत जाते, तरी ते गाव तिचं झालेलं नाही. तसाच संसार दुसऱ्या देशात मांडायचा असेल, तर एवढी यातायात कशाला?

अमेरिकेचं तू नाव काढलं नाहीस, ते बरंच झालं. आपल्या ओळखीतला एक मुलगा तिकडे चांगल्या हुद्द्यावर आहे. पण एच-वन-बीवर नोकरी सुटली की साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर निघायचं. ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला वर्षाला ७ टक्क्यांहून जास्त नाहीत, म्हणून आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. मूल २१ वर्षांचं झालं की आईबापाच्या अर्जातून त्याचं नाव गळू शकतं. ओळखीतला तो पोरगा हुशार, पण घर घ्यायचं म्हटलं की हात आखडतो.

जर्मनीचं इथं फार चाललंय. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून पोरं जर्मन शिकायच्या मागं लागलीत. तू इंजिनिअर, शिरोलीच्या फौंड्रीत हात काळे केलेले, त्यामुळं तुझी विद्या तिथं वाया जाणार नाही. ब्लू कार्ड मिळालं आणि बी-१ पातळीची भाषा आली, तर २१ महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो. नुसत्या ए-१ वर २७ महिने. म्हणजे तिथं भाषा हीच तुझी जामीनदार. रोज रात्री तासभर अभ्यासाला बसशील का, ते स्वतःला खरंखरं विचार. शाळेत संस्कृतचे श्लोक टाळायला तू तालमीत पळायचास, ते मी विसरलो नाही!

कॅनडात एक्स्प्रेस एंट्रीतून गेलास, तर पहिल्या दिवसापासून कायम रहिवासी. मालक बदल, गाव बदल, कुणी विचारणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या १८९ आणि १९० व्हिसाचंही तसंच, फक्त १९० ला ज्या राज्यानं बोलावलं तिथं राहावं अशी अपेक्षा असते. ४९१ मात्र पाच वर्षांचा, शहरांपासून लांबच्या भागात राहायचं आणि तीन वर्षांनी कायम राहण्यासाठी अर्ज करायचा. पण या दोन्ही देशांत वयाचे गुण असतात. कॅनडात २९ नंतर ते दरवर्षी उतरतात. ऑस्ट्रेलियात ३२ पर्यंत ३० गुण, ३३ पूर्ण झाली की २५. मार्चात तुला ३३ पूर्ण होतायत. म्हणून घाई कर असं सांगत नाही, पण "बघू पुढच्या वर्षी" असं म्हणत बसू नकोस.

किर्लोस्करवाडीला तुला लहानपणी नेलं होतं, आठवतं? तू सगळा वेळ स्टेशनावरच्या गाड्या मोजत होतास. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना आधी बेळगावात होता. नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि त्यांना उठावं लागलं. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा देऊ केली. निवडुंगानं भरलेला माळ होता. पण जवळून रेल्वे जात होती आणि इथून कुणी उठवणार नाही याची खात्री होती. १९१० साली त्यांनी तिथं वसाहत उभी केली, तीच किर्लोस्करवाडी. तूही देश निवडताना राहू देणारा कोण आहे ते बघ, आणि गाव निवडताना हाताला काम कुठून कुठून येईल ते बघ.

गावाचं सांगतो, कारण पोरं देश ठरवतात आणि गाव नशिबावर सोडतात. एकाच कारखान्यावर जगणाऱ्या गावात घर घेऊ नकोस. गाड्यांचा धंदा बसला की आपल्याकडे शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात पाळ्या कमी होतात, हे तू पाहिलंयस. जर्मनीत स्टुटगार्टकडेही धंदा गाड्यांचाच. तासाभराच्या अंतरात चार-पाच मालक असतील असं गाव शोध. पहिली दोन वर्षं भाड्यानंच राहा आणि एक हिवाळा पुरता काढल्याशिवाय घराच्या कर्जावर सही करू नकोस.

आणि सूनबाईला विचारलंस का? ती नर्स आहे, तिचं शिक्षण तुझ्याइतकंच मोलाचं. जर्मनीत तिला पदवीची मान्यता आणि बहुधा बी-२ पर्यंतची भाषा लागेल, ऑस्ट्रेलिया-कॅनडात तिथली नोंदणी. एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याच्या पगारावर चूल पेटली पाहिजे. म्हणून तिला लवकर काम मिळेल तो देश माझ्या हिशेबात वर. तुझी काकी म्हणते, हे पत्र तिलाच आधी वाचायला दे.

शेताचं डोक्यात ठेवू नकोस. परदेशी राहणाऱ्याला इथं नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाची सुटत नाही. पासपोर्ट बदलायची वेळ आली तर आपला सोडावा लागतो, दोन ठेवता येत नाहीत. तेव्हा ओसीआय कार्ड काढता येईल. तो विचार पुढचा.

नियम सारखे बदलतात. मी लिहिलंय तेही त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर ताडून बघ आणि मगच पैसे भर. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायची असेल तर अधिकारपत्र पाठव, मी जाऊन येतो. तेवढ्यानं पाय मोकळे होतील.

छकुलीला गोड पापा. सूनबाईस आशीर्वाद.

तुझा,
काका

ता. क. नोकरीची हमी देऊन आगाऊ रक्कम मागणारा एजंट भेटला, तर परवाना क्रमांक विचार आणि आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपास. काकीनं चटणी कांडून ठेवलीय. कुणी येणारं असेल तर कळव.