पान उलटायचे कष्ट

ही तुझी उत्तरपत्रिका. उभा राहा आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्याने वाच. ‘राज्याने पीडितांना रक्कम अदा केली की त्याचे दायित्व संपते.’ वाचताना जीभ अडखळली नाही, हेच मला लागलं. मागच्या बाकावरच्यांनी एवढं निर्धास्त बसू नये. निम्म्या वर्गाने हेच खरडलंय.

प्लान दे सांचेझचा निकाल वाचून या, असं दोनदा बजावलं होतं. तुझ्या उत्तरात त्या गावाचं नावसुद्धा नाही. ‘ग्वाटेमालातील एक गाव’ म्हणे!

१८ जुलै १९८२, रविवार. राबिनालला बाजाराचा दिवस. बाजार करून घरी निघालेल्या लोकांना लष्कराच्या तुकडीने प्लान दे सांचेझ गावात अडवलं. तरुण मुली वेगळ्या काढल्या, त्यांच्यावर बलात्कार करून त्यांना मारलं. बाकीच्यांना घरात कोंडून आत हातबाँब टाकले, आग लावली. २६८ माणसं गेली, बहुतेक माया-अची समाजाची. मागे उरलेल्यांना आपल्या माणसांची माती रीतीप्रमाणे करता आली नाही. सांग, याची रक्कम किती?

न्यायालयाने रक्कम ठरवली, खरं आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने ३१७ जणांना प्रत्येकी २५,००० डॉलर द्यायला लावले. तू तिथेच थांबलास. पान उलटायचे कष्ट नकोत!

पुढे काय आहे, ऐक. म्हाताऱ्या बायका आणि जाणती माणसं मारली गेली, तेव्हा तोंडी चालत आलेल्या चालीरीती पुढच्या पोरांना सांगणारं कुणी राहिलं नाही. हेही नुकसानच, असं न्यायालयाने धरलं. म्हणून निकाल अची भाषेत आणा, गावातल्या मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवतील असे शिक्षक द्या, असा आदेश दिला. सरकारच्या बड्या अधिकाऱ्यांनी त्याच गावात उभं राहून जबाबदारी जाहीरपणे कबूल करायची. मृतांची आठवण जपणाऱ्या चॅपेलची देखभाल, औषधं, मानसोपचार, घरं, पाणी हे सगळं त्यात आहे. आणि दोषींना शोधून शिक्षा करायची.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००५ मध्ये मान्य केलेली तत्त्वं तुला घडाघडा येतात: पूर्वस्थिती, भरपाई, पुनर्वसन, समाधान, पुन्हा न घडण्याची हमी. आणि ‘समाधान’पुढे तू कंसात लिहिलंस, ‘पैशाने होणारे’! अरे, सत्य उघड करणं, बेपत्ता माणसांचा शोध घेणं, जाहीर माफी मागणं, मेलेल्यांची आठवण ठेवणं, याला तिथे समाधान म्हटलंय. पोपटासारखं पाठ केलंस, अर्थ एकाचाही लागला नाही. उद्या काळा कोट घालून अशा एखाद्या आईसमोर बसशील, तेव्हा तिला पावतीवर सही करायला सांगणार का?

या हत्याकांडासाठी पाच जणांना शिक्षा झाली ती २०१२ मध्ये, तीस वर्षांनी. पैशाने दायित्व संपलं असतं, तर हा खटला चाललाच नसता.

घे, उत्तर सोमवारी पुन्हा लिहून आण. पहिल्या ओळीत गावाचं नाव हवं.