मोठा डबा, लांबचा डबा

फुलंब्रीत एका घरी नातवाने जपानी लावे पाळले होते. बाजारात यांना बटेरही म्हणतात. ही जात 1974 साली उत्तर प्रदेशात इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. रानातला लावा मात्र धरायचा नाही, 1972च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. हे पोराला आधीच बजावून ठेवलं होतं.

काका हौशी माणूस. त्यांनी शहरातून औषधांचा भलामोठा डबा आणला. मलमं, कात्री, चिमटा, पट्ट्या, थेंबांच्या बाटल्या, सगळं त्यात होतं. पोरं उधळतील म्हणून तो कपाटात ठेवला आणि किल्ली करदोट्याला बांधली. पाहुणे आले की कपाट उघडून दाखवायचे.

आजीने श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन घेतला. त्यात सलाइनची छोटी बाटली, आयोडीनचं औषध, गॉज, ड्रॉपर आणि नख तुटून रक्त आलं तर लावायला कॉर्नफ्लोअरची पुडी ठेवली. झाकणाच्या आत जनावरांच्या दवाखान्याचा फोन नंबर लिहिला. डबा पिंजऱ्याशेजारच्या खुंटीला पिशवीत टांगला. खाली भोकं पाडलेलं बुटांचं खोकं. काका हसले, "आई, याला काय औषधपेटी म्हणायचं?"

वसुबारसेच्या संध्याकाळी काका खरेदीला छत्रपती संभाजीनगरला गेले. घरात गाय-वासराची पूजा चालली होती, तेवढ्यात गल्लीत फटाक्यांची माळ लागली. लावा भेदरला की पळत नाही, सरळ वर उसळतो. पिंजऱ्याचं छत दीड-दोन फुटांवर, तेही तारेचं. वेग घ्यायला पुरेशी जागा आणि वर कडक जाळी, सगळ्यात वाईट उंची तीच. दोघांची टाळू सोलली. रक्त दिसताच बाकीचे तिथेच चोची मारू लागले. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या जिवात रक्त असतं जेमतेम दोन-तीन चमचे, त्यामुळे थांबायला वेळ नसतो.

"आज्जी, किल्ली काकाजवळ हाय!" पोरगं रडायला लागलं.

"किल्ली कशाला लागती? खुंटीवरचा डबा दे. अन् पिंजऱ्यावर चादर टाक आधी."

अंधार होताच बाकीचे शांत झाले. आजीने जखमी पक्षी एकेक करून मऊ फडक्यात धरले. गॉज दाबून रक्त थांबवलं, सलाइनने जखम धुतली, आयोडीन पाण्यात चहाच्या रंगाइतकं पातळ करून टेकवलं. माणसाचं दुखणं थांबवणारं मलम नातू घेऊन आला होता, ते तिने परत पाठवलं. बधिर करणारी औषधं इतक्या लहान पाखराच्या जिवावर येऊ शकतात. मग दोघांना खोक्यात ठेवून एका बाजूला बल्ब लावला, म्हणजे ऊब नकोशी झाली तर दुसरीकडे सरकता यावं. चोचीत पाणी ओतलं नाही. फक्त चोचीच्या कडेला थेंब लावला.

एक लावा रात्रीत गेला. दुसऱ्याला सकाळी दवाखान्यात नेलं, तो वाचला.

काका परतले, कपाट उघडलं. मलमाची मुदत कधीच उलटून गेलेली, एका बाटलीचं बूच वाळून घट्ट बसलेलं. ते खाली मान घालून म्हणाले, "माझा डबा मोठा होता, आई."

"मोठा होता रे, पण लांब होता. अडचणीला हात पोचंल तिथं वस्तू पायजे."

काकांनी त्याच आठवड्यात पिंजऱ्याचं छत फूटभरावर आणलं आणि त्याखाली मऊ जाळी ताणली. हा उपाय औषधाच्याही आधीचा, तो घरात कुणालाच सुचला नव्हता, आजीलासुद्धा. मोठ्या डब्यातलं चांगलं तेवढं खुंटीवर आलं, उरलेलं फेकलं.

तुमच्याकडे लावे असतील तर दिवाळीच्या आधी एकदा डबा उघडून तारखा बघून घ्या, आणि डब्याला कुलूप लावू नका.