जोखीम त्याची, हसू आपलं

1964 सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयात परवाना खात्याच्या एका निरीक्षकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून विनोद सांगावे लागले. ग्रेनिच व्हिलेजमधल्या ‘कॅफे ओ गो गो’ या क्लबात त्यानं विनोदवीर लेनी ब्रूसचा कार्यक्रम पाहिला होता, अंधारात बसून टिपणं काढली होती आणि आता त्या टिपणांच्या आधारे तो तीन न्यायाधीशांपुढे ब्रूसचा ‘सेट’ सादर करत होता. आरोपी समोरच बसलेला. शब्द बरेचसे त्याचेच, पण ठेका नाही, विराम नाही, आवाजातली खोड नाही. कार्यक्रम हा माणूस पाडतोय आणि तुरुंगात मात्र आपण जाणार, अशी ब्रूसची तक्रार होती. ‘मलाच तो सेट सादर करू द्या’ ही त्याची विनंतीही मान्य झाली नाही.

निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. नोव्हेंबरात अश्लीलतेबद्दल दोषी, डिसेंबरात चार महिन्यांची शिक्षा. खटल्याआधी कवी अ‍ॅलन गिन्सबर्गच्या पुढाकारानं निषेधपत्रक निघालं होतं; त्यावर बॉब डिलन, जेम्स बाल्डविन, सुसान सोनटॅग, नॉर्मन मेलर अशांच्या सह्या होत्या. क्लबात शिव्या देणाऱ्या एका विनोदवीरामागे एवढी मंडळी का उभी राहिली? साठ वर्षांनंतरही मर्यादा ओलांडणाऱ्या स्टँड-अप कलाकारांची तिकिटं हातोहात का खपतात? ‘तो खरं बोलतो म्हणून’ हे तयार उत्तर आहे. ते चुकीचं नाही, पण त्यात प्रेक्षक स्वतःला फार सहज चांगुलपणा देऊन टाकतो. खरं बोलणारे लोक इतरत्रही असतात. त्यांची व्याख्यानं ओस पडतात. इथे रस असतो तो आपल्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी जोखीम घेण्यात.

सिग्मंड फ्रॉइडनं 1905 साली विनोदावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात बोचऱ्या आणि चावट विनोदाला त्यानं तीन माणसं लागतात असं म्हटलं: सांगणारा, ज्याच्यावर विनोद होतो तो, आणि ऐकणारा. आनंद मिळतो तो मुख्यतः तिसऱ्याला. मनात दाबून ठेवलेलं काहीतरी त्याला स्वतः न बोलता मोकळं करता येतं. व्हिएन्नातल्या बैठकीच्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवून मांडलेला हा विचार पुढे अमेरिकेतल्या नाइटक्लबांना चपखल बसला.

तोवरचा अमेरिकी विनोदवीर म्हणजे टक्सीडो घातलेला चुटकेबाज. चुटके लेखकांकडून विकत घेतले जात. सासूवरचा एकच विनोद दहाजण दहा क्लबांत सांगत आणि कुणाचं काही बिघडत नसे, कारण तो कुणाचाच नसे. 1953 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हंग्री आय’ मध्ये मॉर्ट साल स्वेटर घालून, हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन उभा राहिला आणि राजकारणावर बोलू लागला. बोलणारा ‘मी’ तिथे पहिल्यांदा ठळक झाला. 1961 च्या जानेवारीत शिकागोच्या प्लेबॉय क्लबात डिक ग्रेगरी या कृष्णवर्णीय कलाकारानं दक्षिणेतून आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांपुढे वर्णभेदावरच विनोद केले, आणि तेच लोक त्याला खाली उतरू देईनात.

हा ‘मी’ नवा होता. त्याआधी बोचरं बोलण्याची मुभा सोंगाला असे. मॉम्स मेबली या कृष्णवर्णीय विनोदी अभिनेत्रीनं बोळक्या तोंडाच्या, घरातल्या झग्यातल्या म्हातारीचं रूप घेतलं, आणि त्या रूपाआडून ती काय वाटेल ते बोलून गेली. आपल्या तमाशातला सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, फौजदाराची रेवडी उडवतो आणि गवळणीतली मावशी साक्षात कृष्णाची फिरकी घेते, तीही याच मुभेवर. कुणाला राग आलाच तर तो सोंगावर काढायचा. सोंग उतरवून माणूस घरी जातो. स्टँड-अप कलाकाराला उतरवायला काही नसतं. मंचावरून तो ज्या नावानं बोलतो, समन्सही त्याच नावावर निघतं.

अश्लीलतेबद्दल ब्रूसला पहिली अटक झाली 1961 च्या ऑक्टोबरात, सॅन फ्रान्सिस्कोत. तिथे ज्युरीनं त्याला सोडलं. 1962 च्या डिसेंबरात शिकागोच्या ‘गेट ऑफ हॉर्न’ क्लबात पोलिसांनी त्याला मंचावरून उचललं आणि मग प्रेक्षकांची ओळखपत्रं तपासायला सुरुवात केली. प्रेक्षकांतल्या एका तरुण विनोदवीरानं ओळखपत्र दाखवायला नकार दिला, म्हणून त्यालाही त्याच गाडीत बसवलं. तो जॉर्ज कार्लिन. इथे प्रश्न निव्वळ शिव्यांचा नव्हता. कॅथलिक धर्मगुरूंवरचे विनोद शहरातल्या अधिकाऱ्यांना जास्त झोंबले होते, आणि परवान्याची धमकी मिळाली ती क्लबाच्या मालकाला. बोलणाऱ्याचं तोंड धरण्यापेक्षा त्याच्या पायाखालचं लाकूड काढून घेणं सोपं जातं. हा उपाय पुढे जगभर वापरला गेला.

ब्रूसची शेवटची वर्षं मात्र त्याच्या भक्तांनाही अवघड जावीत अशी आहेत. तो मंचावर खटल्यांचे दस्तऐवज वाचून दाखवू लागला. कलमं, उलटतपासणी, न्यायाधीशांचे शेरे. लोक हसायला आले होते. हळूहळू उठून जाऊ लागले. जोखीम शंभर टक्के होती, विनोद संपला होता. 1966 च्या ऑगस्टमध्ये मॉर्फिनच्या अतिसेवनानं तो हॉलिवूडमधल्या घरात मेला, वय चाळीस. 2003 साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. त्या राज्याच्या इतिहासातली ती पहिली मरणोत्तर माफी होती.

हुतात्मा तयार झाला की त्याचा वारसाही तयार होतो. कार्लिन 1960 च्या दशकात सूट घालून दूरचित्रवाणीवर सोज्वळ विनोद करत असे. 1970 च्या सुमारास त्यानं दाढी-केस वाढवले आणि 1972 मध्ये दूरचित्रवाणीवर कधीच उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांचा प्रवेश सादर केला. त्याच वर्षी जुलैत मिल्वॉकीच्या समरफेस्टमध्ये त्याला अटक झाली. डिसेंबरात खटला निकालात निघाला. पुढच्या वर्षी त्याच विषयावरचं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या रेडिओ केंद्रानं भर दुपारी ऐकवलं. लहान मुलानं ते ऐकलं अशी तक्रार गेली, आणि प्रकरण पोचलं थेट सर्वोच्च न्यायालयात. 1978 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला: रेडिओ-टीव्ही घराघरांत शिरतात, त्यामुळे अश्लील ठरत नसलेल्या पण असभ्य अशा भाषेवरही तिथे बंधन घालता येईल. निकालपत्राला कार्लिनच्या त्या सादरीकरणाची शब्दशः प्रत परिशिष्ट म्हणून जोडलेली आहे. रेडिओला जे दुपारी ऐकवता येत नाही ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं छापून ठेवलं, हा विनोद कार्लिनलाही सुचला नसता.

पण या निकालात एक फट होती. बंधन होतं हवेतून जाणाऱ्या प्रक्षेपणावर. पैसे भरून घेतलेल्या केबलवर नव्हे. एचबीओ या केबल वाहिनीनं ती फट ओळखली. 1977 मध्येच त्यांनी कार्लिनचा पहिला विशेष कार्यक्रम दाखवला होता, शेवटच्या भागाआधी सावधगिरीची सूचना देऊन. अशी सूचना म्हणजे जाहिरातच. पुढच्या तीन दशकांत कार्लिननं एचबीओसाठी एकूण चौदा ‘स्पेशल’ केले. ब्रूसला ज्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, ते आता महिन्याच्या वर्गणीत मिळू लागलं. मर्यादाभंगाला बाजारभाव आला तो इथे.

याच काळात रिचर्ड प्रायरनं मर्यादेचा प्रश्नच वेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवला. इलिनॉयमधल्या पिओरियात, आजीच्या कुंटणखान्यात वाढलेला हा मुलगा सुरुवातीला बिल कॉस्बीसारखा गुळगुळीत विनोद करायचा. 1967 मध्ये लास वेगासच्या अलादिन हॉटेलात भरल्या सभागृहाकडे बघून, आपण इथे काय करतोय असं म्हणत तो मंच सोडून निघून गेला. काही काळ बर्कलीत काढून तो परतला तेव्हा त्याच्या तोंडी रस्त्यावरचे दारुडे, भुरटे, वेश्या, पोलिसांना घाबरणारे बाप होते. कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द त्याच्या 1974 च्या अल्बमच्या नावातच होता आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं.

तरी प्रायरची खरी जोखीम त्या शब्दात नव्हती. त्यानं स्वतःचा हृदयविकाराचा झटका मंचावर उभा केला: हृदय धटिंगणासारखं दरडावतंय आणि हा जमिनीवर पडून गयावया करतोय. 1980 मध्ये अमली पदार्थांच्या नशेत तो भाजला, मरता मरता वाचला. दोन वर्षांनी सनसेट स्ट्रिपवरच्या कार्यक्रमात त्यानं त्या आगीवरही लोकांना हसवलं. त्याच कार्यक्रमात त्यानं सांगितलं की केनियाला जाऊन आल्यापासून आपण तो हिणवणारा शब्द सोडला. चाहत्यांपैकी काहींना हे माघार घेतल्यासारखं वाटलं. वास्तविक प्रेक्षक ज्या शब्दासाठी पैसे मोजतो तोच शब्द टाकून द्यायला अधिक छाती लागते. पण मर्यादा पाळणाऱ्या धाडसाचं पोस्टर निघत नाही.

निघतं ते अँड्र्यू डाइस क्लेसारख्यांचं. चामड्याचं जाकीट, तोंडात सिगरेट, आणि बायका, परदेशी, समलिंगी यांच्यावर धडाधड शेरे. 1990 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन लागोपाठ दोन रात्री भरवणारा तो पहिला विनोदवीर ठरला. वृत्ती ब्रूसची, दिशा उलटी: ज्यांच्याकडून उलट मार येण्याची भीती नाही त्यांनाच टोला. फ्रॉइडच्या तीन माणसांतला दुसरा इथे खोलीबाहेर होता आणि दुबळा होता. तीन वर्षांनी विनोदवीर बिल हिक्सनं डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमासाठी केलेला अख्खा सेट प्रक्षेपणाआधी कापला गेला. हिक्स पाच महिन्यांत कर्करोगानं गेला, बत्तिसाव्या वर्षी. लेटरमननं 2009 मध्ये त्याच्या आईला बोलावून तो सेट दाखवला आणि चूक आपली होती असं सांगितलं. स्टेडियम क्लेनं भरलं, आदर हिक्सला मिळाला, तोही उशिरा.

डेव्ह शपेलच्या कारकिर्दीत हा सगळा इतिहास एका माणसात मावतो. 2005 मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरचा करार टाकून तो दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. कारण विचारल्यावर त्यानं एक प्रसंग सांगितला. वंशवादी साच्यांची टर उडवणाऱ्या प्रवेशाच्या चित्रीकरणात चमूतला एक गोरा माणूस हसला, आणि ते हसू शपेलला खटकलं. तो आपल्यासोबत हसतोय की आपल्याला, याची खात्री वाटेना. विनोदवीरानं आपल्याच प्रेक्षकाच्या हशाची तपासणी करावी, हे दुर्मीळ. हाच शपेल 2016 मध्ये बातम्यांनुसार सहा कोटी डॉलरच्या करारावर नेटफ्लिक्सकडे आला. 2021 च्या ‘द क्लोझर’ मधल्या पारलिंगी लोकांवरच्या विनोदांवरून नेटफ्लिक्सच्या कर्मचाऱ्यांनी कामबंद निदर्शन केलं. कार्यक्रम मात्र दिसत राहिला. आपला आवाज दाबला जातोय हे आता जगातल्या सर्वांत मोठ्या मंचावरून सांगता येत होतं. मधल्या काळात, 2018 मध्ये, हॅना गॅड्सबीनं ‘नॅनेट’ मध्ये प्रेक्षकांना उघडच सांगून टाकलं की विनोदवीर आधी ताण निर्माण करतो आणि मग तो सोडवतो, पण आज मी तो सोडवणार नाही. हा विनोद आहे का, यावर बरंच वाजलं. प्रेक्षागृहातली अस्वस्थता मात्र खरी होती.

जोखीम नाटकी झाली असं म्हणावं, तर भारत लगेच खोडून काढतो. 1 जानेवारी 2021 ला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकीला अटक झाली; ज्या विनोदांबद्दल तक्रार होती ते त्यानं त्या कार्यक्रमात केल्याचा पुरावा पोलिसांना दाखवता आला नाही, तरी महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. 2025 च्या मार्चमध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ मध्ये शिवसैनिकांनी तोडफोड केली. गाणं कुणाल कामराचं, खुर्च्या मोडल्या त्या जागेच्या. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथकही तिथे पोचलं. ‘गेट ऑफ हॉर्न’ च्या मालकाला ही गोष्ट ओळखीची वाटली असती. ज्या खोलीत नवखी पोरं ओपन माइकला पाच-पाच मिनिटं चाचपडतात, तीच बंद होण्याची वेळ आली. कामराचा व्हिडिओ मात्र एव्हाना लाखो लोक आपापल्या फोनवर, घरच्या सुरक्षिततेत बघत होते.

त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात रियाधमध्ये भव्य विनोद महोत्सव झाला. शपेल, बिल बर, केविन हार्ट, लुई सी. के. अशी, कुणाला न जुमानण्याबद्दल प्रसिद्ध असलेली मंडळी तिथे गेली. निमंत्रण नाकारणाऱ्या अत्सुको ओकात्सुकानं कराराच्या अटी जाहीर केल्या: सौदी राजघराणं, शासन, धर्म यांची बदनामी होईल असं काही सादर करायचं नाही. बरनं परतल्यावर अनुभवाची तोंडभरून स्तुती केली. तिथे कार्यक्रम केलेल्या जेसिका कर्सननं माफी मागून मानधन मानवी हक्कांच्या कामासाठी देऊन टाकलं. शपेलनं तर मंचावरून सांगितलं की अमेरिकेपेक्षा इथे बोलणं सोपं आहे.

रियाधच्या प्रेक्षकांना हसण्यात काडीचाही धोका नव्हता, आणि तरी त्यांचा हशा खोटा म्हणता येत नाही. 2018 पर्यंत त्या देशात चित्रपटगृहंही नव्हती. स्त्री-पुरुषांनी एका सभागृहात बसून शरीरसंबंधांवरचे विनोद ऐकायचे, ही त्यांच्यापैकी अनेकांसाठी नवलाईच होती. त्यांच्या बाजूची रेघ खरोखर सरकली होती. ती सरकवली होती राजघराण्यानं, आणि कुठवर सरकली आहे ते पाहुण्यांना करारात लिहून दिलं होतं.