बेवारस म्हणजे कुणाचे?

वर्गात कुणाचे पेन, खोडरबर किंवा डबा सापडला की मुले तो माझ्या टेबलावर आणून ठेवतात. "सर, ये किसका है?" मी ती वस्तू उंच धरून सगळ्यांना दाखवतो. कुणी हात वर केला तरी लगेच देत नाही. आधी विचारतो, डब्याला पोचा कुठे आहे? टोपणावर दाताच्या खुणा आहेत की नाहीत? खूण पटली तरच वस्तू परत मिळते. आठवडाभर कुणी आले नाही, तर ती मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. बी.एड.च्या वर्गात हे मला कुणी शिकवले नव्हते. हे घरातून आले. लहानपणी मशिदीच्या रस्त्यावर सापडलेले पाच रुपयांचे नाणे घेऊन अब्बांनी मला दुकानादुकानात फिरवले होते, हे मी विसरलेलो नाही.

हे सांगण्याचे कारण असे की माझ्या स्वतःच्या कपाटात एक पितळी बिल्ला पडून आहे. तो सापडला, असे मी घरात सांगितले. खरे म्हणजे तो मी उचलला.

माझी मावसबहीण लग्न होऊन कोलार गोल्ड फील्ड्सला गेली. माझ्या विद्यार्थ्यांना 'केजीएफ' हे नाव २०१८ साली आलेल्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. पण खरे केजीएफ गोळ्या आणि बंदुकांचे गाव नाही, ते कामगारांचे गाव आहे. जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने १८८० पासून इथे यंत्रे लावून सोने काढायला सुरुवात केली. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रम येथून खाणींसाठी वीज आणली गेली. बंगळूर शहरात ती त्यानंतर, १९०५ साली पोहोचली. चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. १९५६ साली खाणी सरकारी झाल्या. सुमारे ८०० टन सोने या जमिनीतून निघाले. पुढे टनामागे मिळणारे सोने घटत गेले, खर्च वाढत गेला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. खाली उतरणारे बहुतेक मजूर तमिळ मुलखातून आलेले दलित होते. त्यांची मुले-नातवंडे आज पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात. माझे दुलाभाईही त्यांच्यातलेच एक.

२०२४ च्या मे महिन्यात मी तिथे गेलो होतो. एका दुपारी भाच्याला घेऊन खाणीच्या बाजूला फिरायला निघालो. एका जुन्या इमारतीचे दार निघालेले होते. परवानगी कुणाला विचारावी, हा विचार मनात आला आणि विचारायला कुणी नाही म्हणून गेलाही. आत पत्र्यातून ऊन सांडत होते. फरशीवर कबुतरांची विष्ठा होती, कोपऱ्यात पिंपळाचे रोप उगवले होते. भिंतीवर एक लांब फळी होती. तिच्यावर रांगेने खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याखाली रंगाने लिहिलेला क्रमांक. काही क्रमांक पुसट झालेले, काही स्वच्छ वाचता येणारे. फळीखालच्या मातीत मला तो बिल्ला दिसला. रुमालाने पुसला तर त्यावरही क्रमांक निघाला. मी वर पाहिले. त्याच क्रमांकाचा खिळा फळीवर होता. तरीही मी बिल्ला खिशात टाकला.

संध्याकाळी बहिणीच्या दारात एक वृद्ध शेजारी येऊन बसले. सारी गल्ली त्यांना तात्ता, म्हणजे आजोबा म्हणते. जन्मभर खाणीत राबलेले. शेजाराने दखनी शिकलेले. मी मोठ्या हौसेने बिल्ला दाखवला. त्यांनी तो दिव्याकडे धरला.

"मास्टर, ये किदर मिला?"

मी सांगितले. मग त्यांनी मला त्या फळीचा हिशेब समजावला. "नीचे जाते वक्त लेना, उप्पर आए तो टांगना. पाळी खतम हुई और खिल्ला खाली दिखा, तो समझना आदमी नीचे है." थोडे थांबून म्हणाले, "अब तो सब खिल्ले खाली हैं, मास्टर."

मी बिल्ला त्यांनाच देऊ लागलो, तर त्यांनी हात मागे घेतला. "ये मेरा नंबर नै. जिसका है उसकू देव."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती. बिल्ला माझ्याबरोबर आला.

तेव्हापासून मी स्वतःशी वाद घालतो आहे. पहिले समर्थन सोपे होते: मी नेला नसता तर एखाद्या भंगारवाल्याने नेला असता. पण हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने माझ्यासमोर म्हटले असते तर मी काय केले असते? दुसरा चोरणारच होता, म्हणून मी उचलले. या युक्तिवादाला मी वर्गात एक मिनिटही उभे राहू दिले नसते.

दुसरे समर्थन जरा प्रतिष्ठित आहे. मी तो जपला. पण जपला म्हणजे काय केले? संग्रहालयात ठेवलेल्या वस्तूखाली ती कुठून आली, कुणाची होती, हे लिहिलेले असते. माझ्या कपाटात तो बिल्ला इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे. ज्या खिळ्याखाली तो पडला होता, तिथे त्याला अर्थ होता. इथे तो पितळेचा तुकडा आहे, आणि पाहुण्यांना सांगायचा एक किस्सा. किस्सा माझा, माणूस मात्र त्यातून गायब.

तिसरे समर्थन सगळ्यात खोल रुजलेले आहे: ती वस्तू बेवारस होती. या शब्दावर मी बरेच दिवस थांबलो. ज्याला वारस नाही ते बेवारस. पण वारस नाही, हे ठरवले कुणी? मी ठरवले, आणि तेही दोन मिनिटांत, कारण त्या क्षणी खोलीत दुसरे कुणी नव्हते. समोर कुणी नसणे आणि कुणाचे नसणे, या दोन गोष्टी मी एकच धरल्या. पलीकडच्या गल्लीत त्या बिल्ल्याचे वारस चहा पीत बसले असतील, हे माझ्या मनातही आले नाही.

गावाच्या मधोमध मातीच्या राखाडी टेकड्या आहेत. खडक दळून, सायनाइडने सोने वेगळे काढून उरलेला तो गाळ. वारा सुटला की त्याची धूळ घरात येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. बहीण दिवसातून दोनदा ओटा पुसते. ही धूळ कुणाची, असे विचारले तर उत्तर द्यायला कुणी पुढे येत नाही. मात्र त्याच गाळात अजून सोने आहे, आणि २०२४ मध्येच कर्नाटक सरकारने ते काढण्याच्या योजनेला मान्यता दिली. त्यातून गावाला काम मिळाले तर चांगलेच आहे. पण मला शब्दाची गंमत वाटते. फुप्फुसात जाते तोवर तो गाळ बेवारस असतो. सोने म्हटले की त्याला मालक मिळतो. माझा एक बिल्ला आणि ही डोंगराएवढी संपत्ती यांची बरोबरी मी करत नाही. पण ज्याचा मालक समोर येऊन भांडणार नाही ते उचलावे, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

१९६५ साली याच खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा मागोवा घेतला. पृथ्वीच्या आरपार जाणारा, डोळ्यांना न दिसणारा कण तिथे नोंदला गेला. आणि त्या खोलीपर्यंत रोज उतरणाऱ्या एका माणसाची माझ्यापुरती उरलेली एकमेव नोंद मी खिशात घालून निघून आलो.

मग पडक्या वास्तूत जाऊच नये का? मला तसे वाटत नाही. पृथ्वीवर फिरा, पूर्वीच्यांचे काय झाले ते पाहा, असे आपल्याला वारंवार सांगितले गेले आहे. पण ते पाहायचे इबरतीसाठी. इबरत घेणारा हात रिकामा ठेवून परततो. आणि चुकून काही हाती आलेच, तर त्याचाही मार्ग घालून दिलेला आहे. फिकहमध्ये सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात. तिची खूण लक्षात ठेवावी आणि वर्षभर तिचा पुकारा करावा, अशी हदीसची शिकवण आहे. म्हणजे वस्तू हाती आल्याबरोबर माणूस मालक होत नाही, त्याच्यावर काम येऊन पडते. मला वाटते, या हुकमाचा गाभा पुकारण्यात आहे. पुकारणारा हे मान्य करतो की जगात दुसराही कुणी आहे. मी बिल्ला उचलला, यापेक्षा मोठी चूक ही की उचलल्यावर मी गप्प राहिलो.

आता थोडी सुरुवात केली आहे. दुलाभाईंनी पहाटेच्या गाडीत आणि स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर विचारायला घेतले आहे. तात्तांनाही निरोप दिला आहे. अजून कुणी आलेले नाही. येत्या सुट्टीत मी स्वतः बिल्ला घेऊन जाणार आहे, गल्लीगल्लीत विचारणार आहे. अब्बांनी मला नाणे घेऊन फिरवले होते, तसेच.

आणि हा लेखही त्याच पुकाऱ्याचा भाग समजावा. केजीएफच्या एका बंद इमारतीतून उचललेला एक पितळी बिल्ला माझ्याकडे आहे. त्यावरचा क्रमांक मी मुद्दाम लिहीत नाही. ज्याचा असेल, तो सांगेल.