खण आणि कुलूप

वस्तू जिथल्या तिथं ठेवावी, हे कुणालाही पटतं. पण ती मागणाऱ्याला द्यावी का कुलपात ठेवावी, इथं माणूस अडखळतो. शेडात अवजारांसाठी खणांचं कपाट करताना मलाही हा प्रश्न पडला.

सुतारकी मी शिकलेलो नाही. पण तिफणीला रुमणं बसवणारा शेतकरी करवत-रंधा थोडाफार हाताळतोच. सांगाडा 18 मिलिमीटर प्लायचा, तळ 6 मिलिमीटरचा, खाचेत सरकवलेला. लोखंडी चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते, म्हणून 18 इंची गाळ्यात खण बाहेरून 17 इंचांचाच बसतो. दर्शनी फळ्या बाभळीच्या. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, तेवढी फट सोडली. घण, फाळ खालच्या खणात. नटबोल्ट, वायसर वर. वरचे खण एकदम ओढले तर कपाट पुढं कलंडतं, म्हणून ते भिंतीला आवळलं.

काम पुरं झालं तसं घरातून विचारणा झाली, "कुलूप कधी लावताय?" तिचं चुकत नव्हतं. पाइप पाना गेला तो वर्ष झालं तरी आला नाही. नेणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "कवाच दिला की!" ऐन उन्हाळ्यात मोटर बंद पडली आणि हाताशी पाना नसला, तर उभं पीक वाळतंय.

पण दुसरी बाजूही आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गाव-गाडा’ काढलं, त्यात सुतार, लोहार हे गावचे बलुतेदार आहेत. हत्यारं त्यांची, सुगीला धान्य घातलं की वर्षभर त्यांच्या कामावर कुणब्याचा हक्क. ती रीत गेली ते बरंच झालं. तिच्यात जातीची बेडी होती, आणि खळ्यावर माप हलकं पडलं तरी सुतारानं बोलायचं कुणाला? पण तेव्हा एकाच्या रंध्यावर गावाचं भागायचं. आता आमच्या वस्तीवर बऱ्याच घरांत ड्रिल मशीन आहे आणि ते वर्षातनं चार दिवस चालतं. बाकीचे 361 दिवस ते कुणाचं? पावती माझ्या नावाची, म्हणजे माझंच. तरी शेजाऱ्याचं पाणी अडलेलं असताना माझा पाना खणात पडून राहावा, हे मनाला पटत नाही.

पसारा होता तेव्हा वस्तू सापडली नाही की संशय साऱ्या वस्तीवर जायचा. आता खणातली जागा रिकामी दिसली की कळतं, काय गेलंय. शेजारी पाटी टांगली आहे. नेणाऱ्यानं नाव लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं मी लिहितो. पाटी बघून एकजण रुसला, पण दुसऱ्या दिवशी नाव लिहूनच पक्कड घेऊन गेला.

कुलूप आणलं, पण ते फवारणीच्या औषधांच्या वेगळ्या पेटीला लावलं. घरात नातवंडं आहेत. ज्यानं दुसऱ्याचा जीव जाईल ते बंद ठेवावं, ज्यानं दुसऱ्याचं काम होईल ते उघडं असावं, असा मी माझ्यापुरता हिशेब लावलाय. यात वर्षाला एखादी वस्तू जाणार, हे धरून चाललोय. दारात मागायला येणारं माणूस यायचं थांबलं, तर तो तोटा मला जास्त वाटतो.