पळणं आणि धावणं

आषाढी वारीत माळशिरसहून निघालेली माउलींची पालखी खुडूस फाट्याचं रिंगण आटोपून वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर येते. दिंड्या थांबतात. मग इशारा होतो आणि माणसं सुटतात. नऊवारीचा ओचा सावरत म्हाताऱ्या पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका पळतात, गळ्यात पखवाज अडकवलेले पळतात, गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबाही पळतात. याला ‘धावा’ म्हणतात. सांगतात ते असं, की तुकोबांना इथून पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि मग त्यांना चालवेना. ते थेट पंढरपूरपर्यंत धावत गेले. अंतर तीसेक किलोमीटर. इतक्या लांबून कळस दिसेल का, हा प्रश्न त्या उतारावर कोणी काढत नाही.

मराठीत ‘धावा’ शब्दाला आणखी एक अर्थ आहे. संकटात सापडलेला माणूस देवाचा धावा करतो. तिथे धावायचं ते देवानं. माणसानं जागच्या जागी हाक मारायची. नक्रानं पाय धरलेला गजेंद्र कुठे पळणार? विष्णूच आला. वेळापूरच्या उतारावर हा हिशेब उलटा होतो.

आणि धावणं म्हणजे पळणं नव्हे. संकटात कोणी धावून येतो, संकटातून कोणी पळून जातो. दोघांचे पाय सारखेच हलतात, तोंडं विरुद्ध दिशांना असतात. गंमत अशी, की पहाटे बुटाची नाडी बांधणारा शहरातला माणूस ‘पळायला जातो’ असंच म्हणतो. ‘धावणे’ छापील पत्रकात. भाषेचं निदान इथे बहुधा बरोबर आहे. चाळिशी-पन्नाशीत पळू लागणारे बरेच जण साखरेच्या रिपोर्टपासून, सुटलेल्या पोटापासून, वाढत्या वयापासून पळत असतात. काही जण तासभर घरापासूनही. प्रश्न एवढाच, की पळायला निघालेला माणूस कधी धावू लागतो का? आणि लागलाच, तर कोणाकडे?

सुरुवात अगदीच अनाध्यात्मिक असते. दोन मिनिटं झाली की छातीचा भाता होतो, पोटरी ओढते आणि आतून कोणीतरी ‘बास’ म्हणतं. हे म्हणणारं शरीर, आणि त्याला दामटणारा तो मी, असा नवशिक्याचा समज असतो. कठोपनिषदातल्या रथासारखंच हे चित्र: घोडे इंद्रियांचे, लगाम मनाचा, सारथी बुद्धी. पण शरीरशास्त्रानं या रथात जरा गोंधळ करून ठेवला आहे. स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालेला ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल स्वतः पळणारा होता. हृदयाला इजा होण्याआधीच वेग आवरणारा कोणी नियंत्रक शरीरात असावा, असा अंदाज त्यानं त्या दशकात बांधला. पुढे अनेक दशकांनी दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी तो नियंत्रक मेंदूत नेऊन बसवला. थकवा म्हणजे टाकी रिकामी झाल्याची खूण नव्हे. ती मेंदूनं आधीच करून ठेवलेली तजवीज आहे, असं त्यांचं म्हणणं. नाहीतर चाळीस किलोमीटर कण्हत आलेला माणूस शेवटची रेघ दिसताच कुठून जोर आणतो?

नोक्स यांचा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केलेला नाही. तरी २००४ मधला एक प्रयोग विसरण्यासारखा नाही. तासभर जोर लावून सायकल मारणाऱ्यांना पिष्टमय पदार्थाच्या पाण्यानं फक्त चूळ भरायला लावली. गिळायचं नाही, थुंकायचं. पोटात एक कण गेला नाही, तरी ते जवळजवळ तीन टक्क्यांनी वेगवान झाले. जिभेनं वर खबर दिली, वरून परवानगी मिळाली. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०६ च्या डिसेंबरात अमेरिकन तत्त्वज्ञांच्या सभेपुढे हेच निराळ्या वाटेनं मांडलं होतं. दम संपला असं वाटतं त्या रेषेच्या पलीकडे आणखी एक दम असतो, आणि बहुतेक माणसं त्या रेषेपर्यंत कधी जातच नाहीत.

म्हणजे ‘बास’ म्हणणारं निव्वळ शरीर नव्हतं. मग ‘अजून थोडं’ म्हणणारा तरी मीच, हे कशावरून?

नवशिक्याला दुसरा धक्का बसतो तो हळू पळण्याचा. जाणकार सांगतात, पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. जिद्दीच्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला हा सल्ला अपमानासारखा लागतो. एखादी मावशी झपाझप चालत पुढे निघून जाते आणि हा मागे दुडूदुडू. पतंजलींनी आसनासाठी प्रयत्न सैल करायला सांगितला, त्याची इथे आठवण व्हावी. त्यांच्यापुढे मैदान नव्हतं हे खरं, पण दात-ओठ खाऊन स्थैर्य येत नाही, हे दोन्हीकडे खरं.

मग कधीतरी एखाद्या सकाळी, अर्धापाऊण तास झाल्यावर, कारण नसताना बरं वाटू लागतं. पूर्वी याचं श्रेय एंडॉर्फिनला देत. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी उंदरांवर केलेल्या कामात बोट दुसरीकडे वळलं: शरीर स्वतःच तयार करत असलेल्या, गांजातल्या द्रव्याशी नातं सांगणाऱ्या रेणूंकडे. त्यातला एक १९९२ मध्ये जेरुसलेमला सापडला होता, आणि शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं ॲनंडमाइड. संस्कृत ‘आनंद’ वरून.

इथे भाविकानं खट्टू व्हावं की खूश? तपश्चर्येचं फळ म्हणून जे मिरवायचं, ते चरबीपासून बनलेलं एक रसायन निघालं. पण तैत्तिरीय उपनिषदानं आनंदाचं माप काढायला घेतलं तेव्हा पहिलं एकक म्हणून तरी काय धरलं? धडधाकट, बळकट, संपन्न असा तरुण माणूस. तिथून शंभर-शंभर पटींनी वर जात ते ब्रह्मानंदापर्यंत पोचतं. शिडीची खालची पायरी देहातच रोवलेली आहे. रेणूला आनंद म्हणणाऱ्यांनी फार मोठी चूक केली असं वाटत नाही. तीच शेवटची पायरी समजलं तर मात्र चूक.

शिडी किती उंच जाते याचं जवळजवळ अंगावर येणारं उदाहरण जपानात आहे. क्योटोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई पंथाचे भिक्षू ‘काइहोग्यो’ नावाचं व्रत घेतात: सात वर्षांत मिळून हजार दिवस. पहिली तीन वर्षं दरवर्षी शंभर दिवस, रोज तीसेक किलोमीटर डोंगरवाट, पायात गवती चपला. पाचव्या वर्षाअखेर नऊ दिवस अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही. सातव्या वर्षी शंभर दिवस रोज ८४ किलोमीटर. सोबत दोरी आणि सुरी. व्रत मोडलं तर जीव द्यायचा, अशी जुनी रीत. युसाई साकाई या भिक्षूनं हे व्रत दोनदा पुरं केलं, दुसऱ्यांदा १९८७ मध्ये, साठी गाठलेली असताना. जग त्यांना ‘मॅरेथॉन भिक्षू’ म्हणतं, पण ते बहुतेक चालतातच, आणि वाटेत अडीचशेहून जास्त जागी थांबून हात जोडतात: देवळापुढे, झाडापुढे, दगडापुढेसुद्धा. या व्रतामागे सद्धर्मपुंडरीक सूत्रातला सदापरिभूत बोधिसत्त्व आहे. भेटेल त्या प्रत्येकात उद्याचा बुद्ध पाहून तो नमस्कार करी. वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. ८४ किलोमीटर हा आकडा आपल्या डोळ्यांत भरतो. त्या भिक्षूंच्या लेखी मोजायची गोष्ट बहुधा ते नमस्कार असावेत.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तर डोंगरही नाही. पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात वाढलेल्या श्री चिन्मय यांनी सुरू केलेली ३१०० मैलांची शर्यत १९९७ पासून तिथे एका शाळेभोवतीच्या पदपथावर होते. एक फेरी ८८३ मीटरची, अशा ५,६४९ फेऱ्या, मुदत ५२ दिवस. फिनलंडच्या अश्प्रिहानल आल्टो यांनी २०१५ मध्ये ती ४० दिवस ९ तासांत संपवली. तीच भिंत, तेच कुंपण, तोच सिग्नल. मराठी माणसाला या खुळाचं नाव माहीत आहे: प्रदक्षिणा. मारुतीला अकरा घालणारा कुठे पोचायचं म्हणून फिरत नसतो.

या सगळ्यावर एक रोकडा आक्षेप घेता येतो. मनगटावरचं घड्याळ किलोमीटर मोजतं, ते मोबाइलवर झळकतात, आणि अहंकार उतरायच्या ऐवजी त्याचीच तब्येत सुधारते. तपाचा ताठा हा आपल्या पुराणांचा आवडता विषय. चौदाशे वर्षांचे चांगदेव वाघावर बसून आले ते याच ताठ्यानं, आणि त्यांना भेटायला भिंत चालत गेली. पळणाऱ्यांच्या मेळाव्यात बसलं की वाघ बरेच दिसतात. तरीही पळण्यात एक सोय आहे. गुडघा दुखला, तीन आठवडे घरी बसावं लागलं, की जमवलेला दम निमूटपणे ओसरू लागतो आणि माणूस पुन्हा मावशीच्या मागे येतो.

वेळापूरच्या उतारावरचा धावा काही मिनिटांत संपतो. खाली पोचलेले धापा टाकत हसतात, कोणी सुटलेली चप्पल शोधतं, कोणी तुळशीची माती सांडली का ते पाहतं. एखादी आजी कमरेवर हात ठेवून उभी राहते, विठोबासारखीच. तुकोबा एका दमात गेले ते अंतर पालखी मात्र चालतच जाते. मुक्काम वेळापूर, मग भंडीशेगाव, मग वाखरी.